खादाड घरांचं विरजण

"डॉक्टर-फिक्टर काय नको! आठ दिवसांत पोरगी ताटावर तुटून पडंल, बघच तू!" हिंदुरावांनी बायकोला छातीठोकपणे सांगितलं. हेमावतीबाईंनी नेहमीप्रमाणे कपाळाला हात लावला.

प्रकरण साधं नव्हतं. कॉलेजात जाणारी त्यांची संस्कृती तीन महिने धड जेवत नव्हती. "भूक नाही", "मैत्रिणीकडे खाल्लं", असं काहीबाही सांगून उठायची. परवा जिन्यात चक्कर येऊन बसली, तेव्हा मात्र हिंदुरावांचं काळीज हललं. चादरींच्या दुकानात तीस वर्षं गिऱ्हाइकांना बोलण्यात गुंडाळत आलेला हा माणूस, पण पोरीपुढे त्याची मात्रा चालेना.

अशात त्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. आपल्या आतड्यात अब्जावधी जंतू राहतात, त्यांचं भुकेशी आणि मनाशी काही नातं असावं, असं कुणी शास्त्रज्ञ सांगत होते. "पण अजून पुरती खात्री नाही," हे पुढचं ऐकायला हिंदुरावांना सवड कुठली! जंतू म्हणजे दही, दही म्हणजे विरजण. खादाड घरचं विरजण आणलं की जंतूही खादाड!

दुकानातून आल्या आल्या वाटी घेऊन निघाले, ते नेमके तिन्हीसांजेला. दिवेलागणीला विरजण कुणी मागत नाही आणि कुणी देत नाही, हे गल्लीतल्या पोरासोरांनाही ठाऊक! पण हिंदुरावांना घाई.

शेजारचा मानसिंग एका बैठकीला नऊ भाकरी जिरवणारा गडी.

"मानसिंग, थोडं विरजण दे की."

"ह्या वक्ताला?"

"व्हय. आन् तुज्या हातानंच दे बाबा. तुजी भूक लई दांडगी!"

मानसिंग चरकला, पण भिडेपोटी दिलं. मग समोरच्या जुलेखाभाभी. "तुमची पोरं लई खात्यात, म्हणून आलो," हे ऐकून भाभींनी "या अल्ला!" म्हणत दार अर्धं लोटलं. तरी चमचाभर दही वाटीत पडलंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी आक्रीत घडलं. मानसिंगनं ताट सरकवलं! नऊ भाकरींचा धनी, आणि घास उतरेना! खरं तर मोहोळच्या पाहुण्यांनी धाडलेल्या मटणावर त्यानं नको तितका ताव मारला होता. पण हे ऐकतो कोण? त्याची आई शिवबाई गल्ली गोळा करून हिंदुरावांच्या दारात हजर!

"माज्या लेकाची भूक बांधून न्हेली की ह्यानं! तिन्हीसांजंला आला, हातानं दे म्हनला! सोड ती भूक!"

"माझे पोरं पन आज एकेक चपातीच खाल्ले!" जुलेखाभाभी.

"करणी! करणी!" मागून कुणीतरी.

हिंदुरावांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी घाईघाईनं दह्याचं भांडंच आणून पुढे केलं, तर शिवबाई किंचाळली, "जवळ आनू नगंस त्ये!" आणि अख्खी गल्ली चार पावलं मागे! शेवटी हिंदुरावांचा बांध फुटला.

"करणी न्हाय वो! माजी पोरगी जेवत न्हाय! तीन म्हैनं झालं! हातची जाईल वो ती!"

त्यांच्या मागे दारात संस्कृती उभी होती. सगळं ऐकून ती पांढरीफटक पडली होती. शिवबाईनं पदर तोंडाला लावला. जुलेखाभाभी मात्र सरळ पुढे गेल्या आणि त्यांनी पोरीचा हात धरला.

"चल बेटा, डॉक्टरकडे जाऊ. मी येते संगती."

"येते," संस्कृती म्हणाली. "पण बाबा बाहेर बसतील."

दुसऱ्या दिवशी हिंदुराव मानसोपचाराच्या दवाखान्यात तासभर बाहेर बसले. आत बोलावल्याबरोबर त्यांनी डॉक्टरीणबाईंना जंतूंची कथा ऐकवली.

"संबंध असू शकतो, संशोधन चालू आहे," बाई म्हणाल्या. "पण हा आजार दह्यानं बरा होत नाही. उपचार करू, वेळ लागेल. मला एक सांगा, तिच्या खाण्यावरून, अंगावरून कोण बोलतं?"

"छ्या! आमच्यात कुणाची छाती हाय!"

संस्कृतीनं मान वर केली नाही. "अकलूजच्या लग्नात. माइकवरून. 'आमची संस्कृती पंगतीला बसतीय, मागच्यांनी घरी जेवून घ्यावं.' अख्खा मांडव हसला, बाबा. मला तिथून पळून जावंसं वाटलं."

हिंदुराव थिजलेच! तो तर त्यांचा ठेवणीतला विनोद! त्यावर होटगीपासून अकलूजपर्यंत माणसं लोळली होती. त्यात पोरीचं तोंड कसं झालं, हे बघायचं मात्र राहून गेलं होतं.

"एका वाक्यानं हा आजार होत नाही," बाई म्हणाल्या. "पण तो विनोद आता बंद. शेवटचा कधी सांगितलात?"

बाहेर बसून बसून हिंदुरावांना कंटाळा आला होता, कंपाउंडर ओळखीचा निघाला होता, आणि पोरगी पूर्वी कशी खायची हे त्याला सांगता सांगता...

"अर्धा तास झाला असंल," ते म्हणाले.