दुरुस्त केलेली चुक

छापखान्यात त्यांना सगळे 'वेलांटीसाहेब' म्हणत, आणि हे नाव ते मानाचं समजत (मागे कोण हसतंय, हे बघायला त्यांनी कधी मान वळवली नाही). मुद्रितशोधनात एकतीस वर्षं गेलेली. औषधाच्या खोक्यापासून बँकेच्या वार्षिक अहवालापर्यंत त्यांच्या लाल पेनाखालून गेल्याशिवाय काही छापलं जात नसे.

घरीही तोच खाक्या. मुलगी पंधरा वर्षांची असताना रागाच्या भरात तिने खोलीच्या दारावर चिठ्ठी चिकटवली होती, 'माझ्याशी कुणी बोलु नका.' तासाभराने पाहते तर 'बोलु'चा उकार लाल पेनाने दीर्घ करून ठेवलेला. त्यानंतर दहा वर्षं तिने स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद बापाच्या नजरेला पडू दिला नाही.

म्हणून तिने आपल्या पंक रॉक बँडच्या पहिल्या रेकॉर्डचं कव्हर त्यांच्याच छापखान्यात टाकलं, तेव्हा वेलांटीसाहेबांना आतून फार बरं वाटलं. रेकॉर्ड छोटी, दोन्ही बाजू मिळून चार गाणी आणि सात मिनिटं. बँड दोघींचाच. मुलगी ड्रम बडवायची आणि तिची मैत्रीण गिटार वाजवत ओरडायची. मैत्रिणीला सगळे 'भोंगा' म्हणत. एरवी ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती आणि दिवसभर गिऱ्हाइकांना हळू आवाजात 'आता खालची ओळ वाचा' म्हणायची.

"बाबा, फाइल थेट मशिनमनकडे दिलीये," मुलीने बजावलं होतं. "तू बघायची गरज नाही."

ते "बरं" म्हणाले. तसं त्यांच्या मनातही होतं. पण शनिवारी दुपारी मशिनमन जेवायला गेला, कॉम्प्युटर उघडाच राहिला, आणि आपण नुसती एक नजर टाकावी, असं त्यांनी ठरवलं.

नजर टाकली आणि त्यांचा हात आपोआप खिशातल्या लाल पेनाकडे गेला. वर बँडचं नाव, 'चुक'. खाली गाण्यांची नावं: 'मि', 'शीस्त', 'ऊभे राहा', 'बसनार नाही'. पाच जागी पाच चुका, आणि खाली छापखान्याचं नाव. पोरीची अब्रू थोडक्यात वाचली, असं म्हणत त्यांनी दोन मिनिटांत पाचही शब्द ताळ्यावर आणले. संध्याकाळी तीनशे कव्हरांचे गठ्ठे स्वतःच्या खांद्यावरून घरी आणले आणि शाबासकीची वाट बघत सोफ्यावर बसले.

मुलीने गठ्ठ्याची दोरी कापली. वरचं कव्हर उचलून दिव्याखाली धरलं.

"बाबा, बँडचं नाव काय आहे?"

"चूक."

"चुक."

"तेच म्हणतोय मी. चूक."

"दीर्घ नाही रे. ऱ्हस्व."

"ऱ्हस्व चुकीचं आहे."

"चुकीचंच आहे. म्हणून तर ते नाव आहे."

वेलांटीसाहेबांनी हे वाक्य मनात तीनदा वाचलं. वाक्यात काही दोष सापडेना, तेव्हा कुठे चूक कोणाची, ते त्यांच्या लक्षात आलं. रेकॉर्डवरच्या गोल लेबलांवर 'चुक' होतं. गावभर लागलेल्या पोस्टरांवर 'चुक' होतं. प्रकाशन उद्या संध्याकाळी होतं.

मुलगी खोलीत गेली आणि तिने दार हळूच लावलं. ड्रम वाजवणारी मुलगी दार हळूच लावते, म्हणजे प्रकरण गंभीर असतं.

"तिने एकदा विश्वास टाकला तुमच्यावर," बायको शांतपणे म्हणाली. "एकदाच."

रविवारी सकाळी सातला वेलांटीसाहेब लाल पेनांचा डबा घेऊन मुलीच्या दाराशी उभे राहिले.

"मी परत अशुद्ध करून देतो," ते म्हणाले. "सगळी."

आत कडी वाजली. मग दार उघडलं. "तीनशे आहेत."

"मोजून आणलीत."

जेवणाच्या टेबलावर काम सुरू झालं. त्यांनी छापलेला दीर्घ उकार खोडला, शेजारी ऱ्हस्व लिहिला, आणि सवयीने समासात मुद्रितशोधनाची खूणही केली. पहिली दहा कव्हरं अडखळत झाली. 'बसनार' लिहिताना तर त्यांनी डोळे मिटून घेतले. पन्नासच्या पुढे मात्र हात सैल पडला. शंभराव्या कव्हरावर त्यांनी 'शीस्त'ची वेलांटी अशी झोकात काढली, की बायको वाकून बघायला लागली.

दहाच्या सुमारास भोंगा आली. एक कव्हर उचलून तिने चष्म्याच्या वरून पाहिलं, खालून पाहिलं.

"काका, हे तुम्ही केलंत?"

"मीच," ते मान खाली घालून म्हणाले.

"म्हणजे बरोबर छापून, तपासून, चूक केलंय?" ती मुलीकडे वळली. "अगं, हे आपल्याला सात जन्मात सुचलं नसतं."

मुलगी आधी ओठ दाबून बसली, मग तिला हसू आवरेना. वेलांटीसाहेबांनी पुढचं कव्हर ओढलं. बायकोने न विचारता चहा टाकला.

संध्याकाळी सायकलच्या गोदामात दीडशे माणसं जमली. सात मिनिटं वेलांटीसाहेब कानात कापूस घालून पहिल्या रांगेत बसले होते. गाणी आवडायची की नाही, हे ठरवायच्या आत संपली, याचंही त्यांना हायसं वाटलं. नंतर भोंगाने माइकवर कव्हराची गोष्ट सांगितली, तसे लोक कव्हरावर त्यांची सही मागायला लागले. एक हिरव्या केसांची बाई रेकॉर्ड उलटी धरून आली.

"मागच्या बाजूला, तळाशी, 'आई-बाबांचे आशिर्वाद' आहे. 'शि' ऱ्हस्व. ही मात्र खूण न करता सोडलीत, छान."

वेलांटीसाहेबांनी रेकॉर्ड हातात घेतली. एवढ्या बारीक ओळीपर्यंत ते गेलेच नव्हते. आभाराच्या ओळी कोणी वाचत नाही, हा त्यांचा एकतीस वर्षांचा अनुभव.

"तीही बँडची शैली आहे," ते ऐटीत म्हणाले.

"नाही बाबा," मागून मुलगी म्हणाली. "ती एकच ओळ मला शुद्ध हवी होती."