गोदूताईंची पसंती

गोदूताईंना रस्त्यात कोणीही भेटलं, की त्या आधी कपडे बघत आणि मग माणूस. आमचे हे नवा पिवळसर सदरा घालून कारखान्यात निघाले, तर ताईंनी त्यांना फाटकातच अडवलं. "अहो, काढा तो! कावीळ झाल्यासारखे दिसताय." ह्यांनी मुकाट्याने सदरा बदलला. साहेबांनाही उलट बोलणारा माणूस, पण गोदूताईंपुढे चकार शब्द नाही!

बदलापुरात कुळगावला त्या आमच्या शेजारी राहत. मास्तरीण, एकटा जीव. स्वतःची पातळं मोजकीच, पण एकेक पारखून घेतलेलं. मी मोठ्या चौकड्यांचं घेतलं, तर म्हणाल्या, "तुझी उंची केवढी! अगं, हे पातळ आहे की जाजम?"

माझी धाकटी बहीण सुशी त्या वर्षी नवरा गेल्यावर आमच्याकडे आली. कायम मळकट पांढऱ्यात. महिनाभर गोदूताई गप्प राहिल्या, हेच नवल. मग एका रविवारी आम्हा दोघींना घेऊन त्यांनी उल्हासनगरचा कॅम्प गाठला.

"बहनजी, पक्का रंग है," सिंधी दुकानदार म्हणाला.

"पक्का असेल हो, पण हिचा आहे का?" म्हणत ताईंनी सुशीला थेट रस्त्यावर, उन्हात नेलं. गळ्याशी एकेक पातळ धरून पाहिलं. शेवटी मोरपंखी रंगावर थांबल्या. सुशीचा चेहरा खरंच उजळला होता.

"गोदूताई, लोक काय म्हणतील?" सुशी पुटपुटली.

"लोकांना मी बघते. तू फक्त नेस."

परतताना सुशीने विचारलं, "ताई, इतकी कशी हो पारख तुम्हाला?"

ताई म्हणाल्या, "माझी आई फार लवकर विधवा झाली, लाल आलवणात गेली. मी लहान होते. अजूनही चांगलं कापड दिसलं, की मनातल्या मनात तिच्या गळ्याशी धरून बघते. पण ठरतच नाही गं. मला तिचा चेहरा आठवत नाही, नुसतं आलवण आठवतं."

सुशीने त्यांचा हात धरला. घरी आल्यावर ती आत गेली आणि मोरपंखी पातळ नेसून गोदूताईंच्या पाया पडायला गेली.