‘नाइस’ची हकिगत आणि कुशाबांचा हुंकार

मुलीकडच्या माणसांना खिशात घालायला आपल्याला पंधरा मिनिटं पुरे, अशी श्रीपत मास्तरांची पक्की खात्री होती! अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. मास्तर पोलादपूरच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत. वय बत्तीस, आणि तीन ठिकाणांहून नकार आलेला. पण त्या तिन्ही वेळा त्यांनी तोंडच उघडलं नव्हतं. या खेपेला ते बोलणार होते.

“काय बोलशील?” एस.टी.त सोनबामामांनी विचारलं. बिरवाडीचं हे स्थळ त्यांनीच आणलेलं.

“एका इंग्रजी शब्दाची हकिगत सांगेन. ‘नाइस’ची.”

“अरे, पगार सांग, घर सांग! शब्द कसले सांगतोस?”

“मुलगी शिक्षिका आहे, मामा. तिला कळेल.”

मामांनी कपाळाला हात लावला. “हे बघ, ही पोरगी हातची गेली तर तुझ्या आईला मी तोंड दाखवणार नाय. आन् फाट्यावरची साडेसहाची गाडी चुकवायची नाय. शेवटची हाय ती.”

मुलीचे वडील कुशाबा मुंबईच्या गिरणीतून निवृत्त होऊन गावी आलेले. माणूस भारी अगत्याचा! “जयभीम मास्तर, या, बसा. चार वाजले, पोरगी आवरते हाय. तवर काय तरी सांगा.”

झालं! मास्तरांनी घसा साफ केला, डोळे मिटले आणि सुरुवात केली. वर्गातही ते डोळे मिटूनच शिकवत, म्हणून पोरं त्यांच्यावर बेहद्द खूश असत.

आता कुशाबा जुन्या रीतीचे. कुणी सांगू लागलं की वाक्यागणिक ‘हूं’ द्यायचा. हूं थांबला तर सांगणाऱ्याचा अपमान! आणि मास्तरांवर त्यांच्या आईचा संस्कार असा, की समोरून हूं येतोय तोवर थांबायचं नाही. थांबलं तर ऐकणाऱ्याचा अपमान! अशी दोन सभ्य माणसं समोरासमोर बसली होती.

“फार वर्षांपूर्वी रोमकडे, ज्याला काहीच ठाऊक नाही अशा माणसासाठी एक शब्द होता.”

“हूं.”

“त्यातून हा शब्द निघाला. फ्रान्सात आला, तिथं त्याचा अर्थ झाला खुळा.”

“हूं.”

“मग समुद्र ओलांडून तो विलायतेला गेला. सातशे वर्षं झाली त्याला. तिथंही आधी खुळाच! पुढं झाला नखरेल. मग लाजाळू. मग चोखंदळ.”

“हूं!”

मिटल्या डोळ्यांपुढं मास्तरांना तो शब्द दिसायला लागला. खांद्यावर गाठोडं घेऊन आंबेनळी घाटातल्या धुक्यातून तो एकटाच उतरत होता. प्रत्येक वळणावर अंगावरचा सदरा बदलत होता, आणि पुढच्या वाडीत त्याला कुणी ओळखत नव्हतं. खाली कुठंतरी सावित्रीचं पाणी वाजत होतं. मास्तरांना अगदी भरून आलं. बिचारा आपल्यासारखाच, त्यांना वाटलं, पहिल्या झटक्यात पसंत कुणीच करत नाही! मग त्यांनी प्रत्येक वळण सावकाश सांगितलं. शतकामागून शतक गेलं. मध्येच भांडी वाजली, खुर्ची सरकली. मामांनी बरगडीत कोपर मारलं. मामांनाही आवडतंय, असं समजून मास्तर आणखी खुलले. फोडणीचा वास आला, तोही त्यांना धुक्यातल्या वाडीतूनच आला.

शेवटी कुशाबांना जोराचा ठसका लागला. हूं तुटला, आणि मास्तरांनी डोळे उघडले.

पडवीत कंदील लागला होता! पुढ्यातल्या पोह्यांवरचं खोबरं सुकलं होतं. समोरची खुर्ची रिकामी होती.

“मामा,” मास्तर हळूच म्हणाले, “मुलगी कधी बाहेर येणार?”

“आली! बसली! अर्धा तास तुझ्या तोंडाकडं बघत होती, आन् उठून आत गेली! गाडीबी गेली!”

मास्तरांचा चेहरा पडला. पुन्हा बोलवा म्हणावं, तर पहिल्यांदा पाहिली नाही हे कबूल करावं लागणार. ते उठले. कुशाबांचा आवाज पार बसला होता, त्यांनी नुसते हात जोडले. मास्तर पायरी उतरत होते, तेवढ्यात दाराआडून आवाज आला.

“सर, त्या शब्दाचं पुढं काय झालं?”

मास्तर गर्रकन वळले. दाराआड एक हात आणि हिरव्या बांगड्या, बस्स.

“पुढं... पुढं त्याला लोक ‘छान’ म्हणू लागले. दोनशे वर्षं झाली.”

“खुळ्याचा छान व्हायला एवढी वर्षं?” असं म्हणून आवाज हसला.

त्या हसण्यानं मास्तर पुरते गेले! पोलादपूरपर्यंत कौलांच्या ट्रकवर बसून, मामांच्या शिव्या खात, ते आभाळाकडं बघत होते. इतकं सुख त्यांना आजवर कुठल्याच शब्दानं दिलं नव्हतं. आणि ती आता हातची गेली, असं दर वळणावर स्वतःला बजावतही होते.

पाचव्या दिवशी कुशाबांचं कार्ड आलं. ‘कन्या आवडी हिस मुलगा पसंत आहे. मुलाची पसंती कळवावी.’

“पसंत!” मास्तर ओरडले. कार्ड अजून मामांच्याच हातात होतं.

जानकीबाई, मास्तरांच्या आई, चुलीपुढून उठून आल्या. गुडघ्यांमुळं त्या बिरवाडीला गेल्या नव्हत्या. “माझ्या बाबा! पर नीट बघितलीस ना? कशी हाय रे दिसायला? गोरी का सावळी? उंच हाय?”

मामा एकदम आढ्याकडं बघू लागले.

“आई, लग्नात बघशीलच की!” मास्तर म्हणाले.

खरं तर तेही तेव्हाच बघणार होते.