सकपाळकाकांची चारशे पत्रं

सकपाळकाका छापून आलेलं प्रत्येक पत्र मोठ्यानं वाचत. पत्रं चारशे, मजकूर एकच.

पोलादपूरच्या आमच्या शाळेत काका मुख्य कारकून, मी त्यांच्या हाताखाली. कॉम्प्युटर आला तेव्हा त्यांनी माजी विद्यार्थ्यांची यादी त्यात भरली: नाव, गाव, मुंबईचा पत्ता. मेळाव्याचं पत्र एकदाच लिहायचं. बटण दाबलं की यंत्र ज्याचं त्याचं नाव घालून कागद सोडायचं.

"काका, सगळी सारखीच आहेत हो!" मी वैतागायची.

"सारखी कशी गो? नाव बदललं, माणूस बदलला."

शेवटची ओळ मात्र शाळेची वाटत नसे: ‘मेळाव्यास जमले नाही तरी घरी येऊन जावे.’ हेडमास्तरांनी ती काढायला सांगितली. काकांनी शांतपणे मान हलवली. "मशीनमधी बसलीय सायेब, आता निघत नाय." हेडमास्तरांना खरं वाटलं. कॉम्प्युटरला तेव्हा सगळेच भीत.

काकांचा प्रकाश आमचाच विद्यार्थी. बापाशी भांडून मुंबईला गेला, तो सहा वर्षांत गावी, कुडपणला, फिरकला नव्हता. सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं.

पाकीट परत आलं की ते नाव यादीतून काढायचं, हा नियम काकांचाच. एकदा ते रजेवर असताना परतीचा गठ्ठा माझ्या हाती पडला. पाकिटांवरचे यादीतले क्रमांक तेवढे बघत मी भराभर नावं पुसली. कामाचा उरक दाखवायचा होता ना!

पुढच्या मेळाव्याची पत्रं काकांनी वाचली. मग पुन्हा पहिल्यापासून वाचली.

"एक नाव दिसत नाय गो."

मी गठ्ठा काढून बघितला. पुसलेल्यांत प्रकाश सकपाळ होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काका रागावले नाहीत. त्यांनी आपला खण उघडला. आधीच्या वर्षांची त्याची पाच पाकिटं तिथं नीट बांधून ठेवलेली होती, तशीच परत आलेली. मग एका बोटानं त्यांनी नाव पुन्हा टाइप केलं. पत्ता तोच.

"काका, तिथं नाही राहत तो आता," मी हळूच म्हटलं.

"ठावं हाय." त्यांनी बटण दाबलं. "पण पाकीट परत येतंय ना, म्हंजे कोन तरी त्याच्या दारापातूर जाऊन येतंय. मला तेवडं बी जमलं नाय गो."