वेळूगावच्या मज्जावाची यादी मांडवघाटी पुसिली त्याची हकीकत

श्रीकुलस्वामिनी साक्ष. सांगणाराचे हातून पदरचे काही न मिसळो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, माघ शुद्ध त्रयोदशी, ते दिवशी मांडवघाटी वर्तमान जाहले ते ऐसे.

राजश्री गिरमाजीपंत यंत्रनवीस हुजुरातीत कामगार होते. राज्यातील चौक्यांवरील फोन, फोनांतील दप्तर आणि दप्तराची कुलुपे हे सर्व त्यांचे हवाली. मनुष्य नेमस्त, बोलणे थोडे, आणि केले काम मोडू नये ऐसे करावे हा त्यांचा बाणा. नऊ वर्षांमागे नदीपलीकडे वेळूगावी पटकीची साथ आली आणि माणसे पटापट पडू लागली, तेव्हा महाराजांची आज्ञा जाहली की वेळूगावचे कोणी ऐलतीरी उतरू नये. मग तीनशे बारा नावांची यादी करून मांडवघाटाचे फोनात घातली. घाटी लोखंडी फाटक, ते फोनाचे इशाऱ्यावाचून उघडत नसे. उतारूने फोनास अंगठा लावावा, नाव यादीत नसल्यास फाटक उघडावे, असल्यास काचेवर तांबड्या अक्षरी ‘मज्जाव’ उमटावे, ऐसी रीत. परंतु मातबर लोकांनी घाटकारकुनास भीड घालून आपापल्या सोयऱ्यांची नावे पुसविली, आणि त्यांबरोबर साथ राजधानीत शिरली, आणि दोन आळ्या ओस पडल्या. तेव्हा पंतांनी जातीने येऊन नावे पुन्हा चढविली आणि यादीस ऐसे कुलूप घातले की ती वाचता यावी, परंतु एक अक्षर बदलू नये आणि पुसू म्हटल्यास पुसली जाऊ नये. मग कोणाची भीड चालली नाही, साथ अडली, आणि दरबारी पंतांची वाहवा जाहली.

साथ एका हंगामात सरली. यादी मात्र राहिली. वेळूगावकरांचे अर्ज आले ते या फडातून त्या फडात फिरले, आणि कोणी म्हणे हे काम वैद्यांचे, कोणी म्हणे घाटाचे, आणि पंतांकडे तर एकही अर्ज पोचला नाही, आणि पंतांनीही आपण होऊन चौकशी केली नाही. ऐसी नऊ वर्षे गेली. या साली महाराजांचे कानी गोष्ट गेली, महाराज फार कष्टी जाहले आणि तत्काळ मज्जाव उठविला. हुकूम घाटी डकविला. परंतु फोनास कागद वाचता येत नाही. लखमोजी नावाडी घाटाचा मुख्य, त्याने यादीवर बोट दाबून ‘पुसा’ म्हटले, तो फोन म्हणे, ही फाईल केवळ वाचण्यापुरती आहे. सात वेळा केले, सात वेळा तेच उत्तर. तेव्हा सांडणीस्वार धाडून पंतांस बोलाविले.

पंत दोन प्रहरी पोचले. पाहतात तो नाव धक्क्यास लागलेली, आणि फाटकाचे गजांपलीकडे वेळूगावची साठ माणसे उन्हात उभी. पुढे कासूबाई म्हणून म्हातारी होती. तिची लेक ऐलतीरी दिलेली, आणि नात सात वर्षांची जाहली तरी म्हातारीने तिला हाती घेतली नव्हती. फोनावर तोंड दिसे, इतकेच. लेक आणि नात गजांअलीकडे उभ्या होत्या. पंतांनी तिकडे पाहिले आणि मग पाहवेना, म्हणून फोन हाती घेऊन ओट्यावर बसले. ऊन काचेवर चमके, सबब डोईवर उपरणे ओढून घेतले आणि टर्मिनल उघडले. टर्मिनल म्हणजे काळी पाटी, तीवर चित्र नाही, बटण नाही. आज्ञा लिहावी आणि फोनाने ती पाळावी.

लखमोजी म्हणाला, “पंत, सगळं दप्तरच पुसा की एकदाचं. नावाच्या जागी एक ताऱ्याची खूण काढली की सगळ्या फायली जातात म्हणं.”

पंत बोलिले, “जातात. फोनाच्या त्याच खणात वरच्या सात गावांच्या पुराच्या इशारती आहेत. त्याही जातील. मग आषाढात तू काय वाचून नाव बांधशील?”

मग पंतांनी प्रथम फोनाचा मूळ अधिकार, म्हणजे सर्व आज्ञा चालविण्याची मुखत्यारी, घेतला आणि आरएम ऐसी पुसण्याचे आज्ञेची दोन अक्षरे लिहून पुढे यादीचे पुरते नाव लिहिले. फोनाने उत्तर दिले की हा खणच केवळ वाचण्यापुरता आहे. हे कुलूप फोन घडविणाराचे. पंतांनी रिमाऊंट आज्ञा करून तो खण लिहिता केला आणि पुन्हा पुसू गेले, तो फोन म्हणे, परवानगी नाही. गजांपलीकडे कुजबुज जाहली. पंतांनी फाईलींच्या खुणा तपासिल्या, तो यादीचे नावापुढे एक बारीक आय अक्षर उभे. ती अढळपणाची खूण. जोवर ती आहे तोवर राजाचेही फोनाने ऐकू नये ऐसी तिची शक्ती. ती पंतांचेच हातची होती. नऊ वर्षांमागे ती घालतेवेळी मनास किती समाधान वाटले होते ते पंतांस आठवले. खोटे केले नव्हते. त्या दिवशी ते खरेच होते. परंतु कुलूप किती दिवसांचे ते लिहावयाचे राहिले होते, आणि त्या राहिल्या ओळीत एक मूल सात वर्षांचे जाहले होते. पंतांचा अंगठा काचेवर थांबला.

कासूबाईने गजांतून विचारले, “काय झालं? नाही व्हत का?”

पंत म्हणाले, “होईल. माझेच कुलूप आहे, बाई. मीच घातले होते.”

म्हातारी पंतांकडे पाहून म्हणाली, “मंग तुमीच आलात ते बरं झालं. दुसऱ्याला कुटं गावलं असतं?”

पंतांनी चॅटर म्हणून खुणा बदलण्याची आज्ञा आहे ती लिहून आय खूण उतरविली. मग यादीचे नाव एकेक अक्षर ताडून पाहिले, तारा कोठे पडला नाही ना ते पाहिले, आणि आरएम लिहून सोडिले. फोन काहीच बोलला नाही. जाहले म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. काळी पाटी मोकळी होऊन पुढल्या आज्ञेची वाट पाहू लागली.

लखमोजी घाबरून म्हणाला, “बंद पडला का?”

पंत म्हणाले, “नाही. काम झाले म्हणजे तो बोलत नाही. बाई, अंगठा लावा.”

पंतांनी फोन गजांपाशी धरला, कासूबाईने अंगठा पदरास पुसला आणि लावला. फाटक करकरत उघडले. नात आईमागे लपली, तेव्हा म्हातारी तिजपाशी न जाता तेथेच धुळीत बसली आणि हात पसरून राहिली. पोर हळूहळू आली.

सारांश, ते दिवशी साठ माणसे उतरली आणि पुढे पंधरवड्यात दोनशे अकरा. एकेचाळीस त्या नऊ वर्षांत पैलतीरीच वारली, त्यांची नावे यादीबरोबर पुसली गेली, सबब पंतांनी वेळूगावी जाऊन घरोघर विचारून ती कागदावर उतरून घेतली. मग हुजुरास आपले हातचे अक्षराने लिहिले की कुलूप माझे, विसरही माझा. महाराजांनी ते पत्र दोनदा वाचविले आणि रागावले नाहीत. पंत पुढे बारा वर्षे कामावर होते, आणि दर चैत्री आपली सर्व कुलुपे काढून, कोणते अजून हवे ते स्वतः पाहून, मग पुन्हा घालीत. हे वर्तमान जैसे जाहले तैसे लिहिले.