बघ्यांचा गट

अंगणात आठ जण लाकडी बाकावर चढत-उतरत होते आणि दुसरे आठ जण ओट्यावर मांडी घालून त्यांच्याकडे बघत होते. चढणारे घामाने निथळत होते, बघणारे जांभया देत होते. मधोमध गळ्यात घड्याळ अडकवून उभा असलेला नीळकंठ त्या जांभया देणाऱ्यांवरच जास्त खूश होता.

तुळशीपाशी तोंड धूत असलेल्या दीनानाथांनी हा देखावा पाहिला आणि स्वयंपाकघराकडे मान वळवून विचारलं, "काय शिकून राहिला म्हणता आपला मुलगा?" हा प्रश्न ते रोज विचारत.

"एम. ए.च्या बरोबरीचं आहे म्हणे," चुलीपाशी बसलेल्या रत्नप्रभाबाई हळूच म्हणाल्या.

"कशातलं?"

"व्यायामातलं."

"हनुमंताला कोणती पदवी होती हो?"

"सकाळच्या पारी देवाचं नाव टिंगलीत घेऊ नये," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. त्यांनी त्याच दमात देवाची क्षमाही मागून घेतली, नवऱ्याच्या वतीने.

ते चौसष्ट साल होतं आणि श्रावण लागला होता. मॅट्रिकनंतरही पोराने शिकावं एवढीच ज्या कळंबात अपूर्वाई, तिथे कबड्डी-कुस्तीतसुद्धा वरची पदवी असते यावर कोणाचा विश्वास बसणार? नीळकंठ दूर मध्य प्रदेशातल्या एका कॉलेजात ती शिकत होता. शेवटचा प्रबंध तेवढा राहिला होता. त्यासाठी गावातल्या गड्यांवर प्रयोग करायचा, आणि आपल्या कसरतीने आणि आपण ठरवलेल्या खुराकाने माणसाचा दम वाढतो हे नाडी मोजून दाखवायचं. दाखवता आलं तर पदवी. नाही तर दिवाळीनंतर गावातला सरकी काढायचा जीन सुरू झाला की कापसाच्या गाड्या नोंदवत बसायचं. दीनानाथ त्या जिनात हेडक्लार्क होते आणि मालकाशी त्यांचं बोलणं होऊन चुकलं होतं. कापसाचं नाव काढलं की नीळकंठ उठून अंगणात जाई.

"दुसरा गट जपा," निघताना कॉलेजातल्या सरांनी बजावलं होतं. "एका गटाला कसरत आणि खुराक द्या. दुसऱ्याला काही म्हणजे काही देऊ नका. त्यांचं होतं तसंच चालू राहू द्या. दोघांत फरक पडला, तरच तुमच्या कसरतीला अर्थ."

म्हणून पहिल्या गटात तांड्यावरचा लालसिंग आणि त्याचे जोडीदार आले. त्यांना कसरत झाली की भिजवलेले हरभरे, गूळ आणि पेलाभर दूध मिळे. दुसऱ्या गटात उकंडा होता, सायकलवाल्यांचा अन्सार होता, आणखी सहा जण होते. त्यांनी फक्त यायचं, नाडी दाखवायची, बसायचं आणि घरी जायचं. गावाने पहिल्या गटाला 'खाणारे' म्हटलं आणि दुसऱ्याला 'बघे'.

"पन आमी करावं तरी काय, नीळूभाऊ?" पहिल्याच दिवशी उकंडाने विचारलं होतं.

"काहीच करायचं नाही."

"काहीच नाही म्हंजे?"

"रोज जसे राहता तसे राहायचं."

"मंग ते घरी जमतच होतं की," अन्सार म्हणाला. "त्याच्यासाठी इथं कायले बोलावलं?"

नीळकंठाने त्यांना शास्त्र समजावून सांगितलं. दोघांनी माना डोलावल्या आणि समोर हरभऱ्याच्या वाट्या भरल्या जात होत्या तिकडे बघू लागले. त्यांचं ते बघणं स्वयंपाकघराच्या खिडकीतून आणखी एक जण बघत होतं.

रत्नप्रभाबाईंचा चातुर्मासाचा नेम ठरलेला असे. कोणी कांदा-लसूण सोडतं, कोणी मीठ सोडतं. त्यांनी यंदा पंक्तिप्रपंच सोडला होता. आपल्या दारी एकाला वाढायचं आणि शेजारच्याला नाही, असं चार महिने होऊ द्यायचं नाही. एरवी तरी कधी झालं होतं म्हणा. पण बोलून दाखवून घेतलेला नेम वेगळा.

"नीळू," त्या दुपारी त्यांनी विचारलं, "त्या ओट्यावरच्या पोरांना काहून नाही रे देत?"

"त्यांना द्यायचं नसतं, आई."

"काय गुन्हा केला त्यांनी?"

"काहीच केलं नाही. काही न करणं हेच त्यांचं काम आहे."

"काही न करणाऱ्या तुझ्या काकांना आपण जन्मभर जेवू घालूनच राहिलो ना."

"काका प्रयोगात नाहीत!" नीळकंठ कळवळून म्हणाला. "आई, त्यांना खाऊ घातलं तर माझी पदवी गेली."

रत्नप्रभाबाई गप्प झाल्या. आई गप्प झाली म्हणजे तिला पटलं, असं नीळकंठ लहानपणापासून समजत आला होता. त्याची तेवढी एकच समजूत चुकीची होती.

काही दिवस बरे गेले. मग नाडीने दगा द्यायला सुरुवात केली. दर आठवड्याला दोन्ही गटांना बाकावर चढवून-उतरवून नाडी मोजली की पहिल्या गटाची लवकर शांत व्हायला हवी होती. ती होत होती. पण बघ्यांची तिच्याहून लवकर होऊ लागली. उकंडा तर बाकावरून उतरून सरळ बिडी मागू लागला.

नीळकंठाने आधी घड्याळावर संशय घेतला. मग स्वतःच्या बोटांवर घेतला आणि देवघरात बसून स्वतःचीच नाडी मोजत राहिला. तेवढ्यात हा नाडी बघतो ही बातमी गावभर झाली आणि शेजारची तानाबाई आपल्या सुनेला दाखवायला घेऊन आली. "दिवस गेले का पाहून दे रे बापू," म्हणाली. "गेले असतील तं आत्ताच सांग, नसतील तं हिच्या मायच्या घरी पाठवतो." तिची समजूत काढण्यात एक अख्खी सकाळ गेली.

शेवटी त्याने ठरवलं की आपलीच कसरत कमी पडते आहे. त्याने ती दुप्पट केली. पहिला गट बाकावर चढून चढून मेटाकुटीला आला. लालसिंगचा गुडघा सुजला. एक जण तर तोंड फिरवून म्हणाला, "नीळूभाऊ, मले बघ्यांत घ्या ना. त्यायची तब्येत चांगली होऊन राह्यली."

नीळकंठाची रात्रीची झोप गेली. आणि नेमके त्याच सुमारास सर शेवटची परीक्षा स्वतः बघायला येऊन ठेपले. यवतमाळहून बसने उतरले तेव्हा अंगावरचा कोट धुळीने पांढरा झाला होता, पण चेहऱ्यावर मोठी आशा होती.

परीक्षा अंगणात झाली. सगळा मोहल्ला कुंपणाशी उभा होता. आधी खाणारे चढले. लालसिंग लंगडत उतरला, दोघे खाली बसले, एकाने पाणी मागितलं. मग बघे चढले. ते चढत होते, उतरत होते, वर आपसात गप्पाही मारत होते. सरांनी थांबा म्हटलं तरी अन्सार थांबेना. "राहू द्या ना साहेब, आत्ता कुठं आंग मोकळं होऊन राह्यलं," म्हणाला.

सरांनी सगळ्यांच्या नाड्या स्वतः मोजल्या. मग चष्मा काढून पुसला.

"नीळकंठ, तुमच्या कसरतीने माणसं अशक्त होतात."

नीळकंठाला धरणी दुभंगावी असं वाटलं. ती दुभंगली नाही. अंगण चांगलं चोपलेलं होतं.

सरांनी उकंडाला जवळ बोलावलं. "खरं सांग. तू काय करतोस रे?"

"काईच नाही साहेब. नीळूभाऊनं सांगितलं ना, काईच नाही करायचं."

"खातोस काय?"

"तेच की. हरभरे, गूळ, दूध."

नीळकंठ मध्येच ओरडला, "कोण देतं तुला?"

"मावशी देते ना. मागच्या अंगणात. सगळ्यायलेच देते, पान मांडून."

"मग मला सांगितलं काहून नाही?"

"तुमी इचारलंच कधी? तुमी तं निस्ती नाडी धरता अन् तिकडं तोंड करता."

"पण नुसत्या हरभऱ्यांनी एवढा दम येत नाही," सर पुटपुटले. "खाऊन मग काय करता?"

अन्सार जरा लाजला. "आता काकूचं फुकट खाऊन बसनं बरं दिसते का, साहेब? म्हून पानी भरतो. पावसाळ्यात यायच्या विहिरीचं पानी गढूळ होते ना, तं पल्याडच्या पायविहिरीवरून आनतो. दोन्ही हातांत घागरी. पायऱ्या लई हायेत, पन आता काई वाटत नाही."

"आमी सगळ्या मोहल्ल्याचंच भरतो आता," उकंडाने भर घातली. "यकट्या मावशीचंच भरलं तं बाकीच्या बाया काय म्हनतीन?"

सर बाकावर बसले. नीळकंठ स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला.

"मी तुझ्या प्रयोगाला हात नाही लावला रे," रत्नप्रभाबाई पदर सावरत म्हणाल्या. "तुझ्या आठ जणांच्या वाटीतला एक दाणा घेतला नाही. मी माझे वेगळे भिजवत होते."

सर मनाने वाईट नव्हते. रत्नप्रभाबाईंच्या हातची पुरणपोळी खाऊन तर ते आणखीच मवाळ झाले. निघताना म्हणाले, "दसऱ्यापर्यंत थांबतो. पुन्हा पहिल्यापासून करा. यावेळी फरक दिसला नाही, तर मात्र माझ्या हातात काही राहणार नाही." मग दाराकडे बघून हलक्या आवाजात पुढे म्हणाले, "आईंना समजवा."

नीळकंठाने आईला समजावलं. पाया पडून समजावलं, डोळ्यांत पाणी आणून समजावलं. तुझा नेम मोठा की माझं आयुष्य, इथपर्यंत गेला. रत्नप्रभाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं. नाही देत मी त्यांना. चिंतामणीची शपथ."

आई गावच्या चिंतामणी गणपतीची शपथ मोडणार नाही, याबद्दल नीळकंठाला खात्री होती. त्याने निश्चिंत मनाने बघ्यांचं पाणी भरणं बंद केलं, लालसिंगच्या गुडघ्याला निर्गुडीचा पाला बांधला आणि प्रयोग नव्याने मांडला.

तिसऱ्या की चौथ्या सकाळी खाणाऱ्यांच्या वाट्या भरल्या गेल्या आणि तशाच राहिल्या.

"काय झालं रे लालसिंग? खा ना."

"नाई खात, नीळूभाऊ."

"काहून?"

"काकू उपाशी हाय म्हने."

नीळकंठ आत धावला. रत्नप्रभाबाई देवापाशी वाती वळत बसल्या होत्या. चेहरा उतरला होता, आवाज मात्र नेहमीसारखा शांत.

"आई, तू जेवत नाहीस?"

"जेवते की. दुपारून. ती पोरं आपापल्या घरी जाऊन जेवली असतील असं वाटलं म्हणजे."

"आणि तोवर?"

"तोवर पाणी घेते. दारी बसलेली पोरं कोरडी असताना मला नाही रे गिळत. शपथ घेतली आहे, त्यांना मी देत नाही. मी माझंच नाही घेत. त्यात तुझ्या शास्त्राचं काय बिघडलं?"

शास्त्राचं काय बिघडलं ते बाहेर दिसतच होतं. खाणाऱ्यांनी खाणं सोडलं होतं. खाल्ल्यावाचून कसरत होईना, म्हणून ते बाकावरून उतरले आणि ओट्यावर जागा करून बघ्यांच्या शेजारी बसले. आता अंगणात नुसता बाक होता, आणि सोळाच्या सोळा जण त्याच्याकडे बघत होते.

नीळकंठाने शेवटची आशा म्हणून वडिलांकडे पाहिलं. टिंगलीत का होईना, हा एकच माणूस घरात तर्काला धरून बोलणारा होता. "बाबा, तुम्ही तरी सांगा ना आईला."

दीनानाथ आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते. "मला बोलायला लावू नको," ते क्षीण आवाजात म्हणाले. "सकाळपासून चहा नाही."

"तुम्ही काहून नाही घेतला?"

"सगळं घर उपाशी. मी एकटा कसा घेऊ?"

नीळकंठ अंगणात आला. चिडून त्याने एक भरलेली वाटी उचलली. निदान मी तरी खातो, म्हणाला. हरभऱ्याची मूठ ओठांपर्यंत नेली आणि सहज त्याची नजर ओट्यावर गेली. सोळा तोंडं त्याच्याकडे वळली होती. कोणाच्या डोळ्यांत राग नव्हता. उलट अन्सार 'घ्या घ्या' अशी मान हलवत होता. तेच वाईट झालं. नीळकंठाने मूठ पुन्हा वाटीत सोडली आणि तो मटकन बाकावर बसला.



"संपला प्रयोग," तो शेवटी म्हणाला. "बाबा, जिनाच्या मालकांना सांगा, मी येतो."

त्याच्या तोंडून शब्द बाहेर पडायचा अवकाश, स्वयंपाकघरात जीव आला. चूल पेटली. भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला. बघे आणि खाणारे एकमेकांत मिसळून उठले, कोणी सडा मारला, कोणी पत्रावळी मांडल्या. दीनानाथांचा चहा झाला आणि ते पुन्हा स्पष्ट बोलू लागले. रत्नप्रभाबाई पदर खोचून एका टोकापासून वाढत निघाल्या. पिठलं, भाकरी, आणि उरलेले सगळे हरभरे फोडणीला टाकून. कोणाच्या पानात एक पळी जास्त नाही की कमी नाही. असा काटेकोरपणा नीळकंठाला त्याच्या सबंध प्रयोगात साधला नव्हता.

तोही पंगतीत बसला होता. पण त्याने भाकरीला हात लावला नाही. पत्रावळीकडे बघत तो नुसता बसून राहिला. थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं की कुठे चावण्याचा आवाजच नाही. त्याने मान वर केली. सगळी पंगत घास हातात धरून थांबली होती.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"तुमी सुरू नाही केलं ना, नीळूभाऊ," लालसिंग म्हणाला.

"यक जन उपाशी अन् बाकीच्यायनं खायचं, बरं दिसते का?" अन्सारने विचारलं.

दारात रत्नप्रभाबाई पळी घेऊन उभ्या होत्या. नीळकंठाने डोळे मिटले आणि आपल्या पदवीचा पहिला घास घेतला.

मीठ बरोबर पडलं होतं.