गाडीत कुठेतरी कुरकुरतंय

सांगण्यासारखं यात काही नाही. पण घरी येईल त्या पाहुण्याला ही गोष्ट ऐकायची असते, आणि दरवेळी कुणीतरी ती तिखटमीठ लावून सांगतं. शेवटी लेकीने कागद पुढ्यात टाकले नि म्हणाली, तुम्हीच लिहा एकदाचं. आमचं बूड शाळेच्या बाकावर फार टिकलं नाही, तेव्हा शुद्धलेखन तपासायला बसू नका. आणि आपलीच फजिती 'मी, मी' करत लिहायला आपल्याला जमत नाही, म्हणून इथे मी स्वतःला 'म्हातारा' म्हणणार. पटत नसेल त्याने वाचू नये.

तर म्हातारा. सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या पंपघरात गेली. तिथे मोटारींचा असा घरघराट, की बोलायचं ते ओरडून आणि ऐकायचं ते समोरच्याचे ओठ बघून. रिटायर झाला तरी आवाजाची पट्टी काही खाली आली नाही. त्यावरून लेकीने ताडलं की बाबांना ऐकू येत नाही. त्यात एकदा गल्लीच्या तोंडाशी म्हाताऱ्याने गाडी उभी केली, आणि मागचा टेम्पोवाला हॉर्न मारून मारून दमला. (ऐकू येत होतं. पण हॉर्न मारला की म्हातारा हलतो, अशी सवय टेम्पोवाल्याला लागू द्यायची नव्हती.) लेकीच्या कानावर ते गेलं. तिने फर्मान काढलं: कान तरी दाखवा, नाहीतर गाडीची किल्ली तरी द्या.

आता ती किल्ली म्हणजे म्हाताऱ्याचा जीव की प्राण. गाडी जुनाट आहे, पत्र्याचा डबा आहे, पण स्वतःची आहे. ती गेली म्हणजे भाजी आणायलासुद्धा जावयाच्या सवडीची वाट बघा.

जावई कॉम्प्युटरवाला. माणूस वाईट नाही, पण कुठलीही गोष्ट समजावून सांगतो. वातावरण निवळावं म्हणून त्याने म्हाताऱ्याच्या गाडीसाठी पेनड्राइव्ह आणला, अंगठ्याएवढा. यात हाय-रेझोल्यूशन गाणी आहेत, साध्या गाण्यांपेक्षा फाइल कितीतरी मोठी असते, अगदी बारीकसारीक ऐकू येतं, असं बरंच काही सांगितलं. गाडीतल्या टेपला ते मानवलं नाही. तो मख्खासारखा 'फाइल नाही' म्हणत बसला. मग जावयाने पेनड्राइव्ह घरी नेला, त्याचं काय ते फॉरमॅट केलं, आणि परत आणून लावला.

बाकीची गाणी म्हणजे नुसता धिंगाणा. पण एक व्हायोलिनचं होतं, संथ, लांबलचक. ते म्हाताऱ्याच्या मनात भरलं. गाडीत बसलं की तेच लावायचं नि निघायचं.

आणि पहिल्याच फेरीत, बाजाराच्या वळणावर, गाडीत कुठेतरी वाजलं. कर्र. थोडं पुढे गेल्यावर परत. कर्र.

दुसरा कुणी वैतागला असता. म्हातारा खूश झाला. एवढीशी कुरकुर आपल्याला ऐकू येते म्हणजे कान खणखणीत आहेत. तो शीळ घालत घरी आला आणि सगळ्यांना बोलावून सांगितलं, की गाडीत कुरकुर आहे, ती मला ऐकू येते, आता बोला.

मेकॅनिकने चक्कर मारली. आधी टेप बंद केला, काचा वर घेतल्या, कान टवकारून चौकाला वळसा घालून आला. म्हणाला, "आजोबा, गाडी गप्प आहे. दुसरंच काहीतरी वाजतंय."

मग जावई बसला. त्यानेही आधी टेप बंद केला. (आवाज शोधायचा तर बाकीचे आवाज बंद करायचे, हे शहाणपण जगात सगळ्यांना असतं. म्हातारा सोडून.) परत आला तो हळू आवाजात लेकीशी बोलत. म्हाताऱ्याने ओठांवरून ओळखलं.

"कान वाजतात म्हणतोयस ना माझे? तोंडावर म्हण की."

"तसं नाही, बाबा. एकदा डॉक्टरांना..."

"जावईबापू, रविवार संध्याकाळपर्यंत ती कुरकुर काढून तुमच्या हातात देतो. नाही दिली तर ही किल्ली घ्या."

रविवारी सकाळीच म्हाताऱ्याने पाने, पक्कड आणि सतरंजी घेऊन अंगणात मांड ठोकली. दारांची अस्तरं निघाली. डिकीतला गालिचा निघाला. मागची सीट उपटून कुंड्यांपाशी ठेवली. स्टेपनी निघाली, जॅक निघाला, हरवला म्हणून आपण मोलकरणीला बोल लावला होता तो चमचा निघाला. कुरकुर निघाली नाही. दुपार कलली तेव्हा चारही चाकं काढून गाडी विटांवर ठेवलेली होती, आणि किल्ली हातातून जाणार हे म्हाताऱ्याला दिसायला लागलं होतं.

बायको पुढच्या सीटवर स्क्रूचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. तीच एक सीट जागेवर उरली होती. बसून बसून कंटाळली, म्हणून तिने किल्ली फिरवून टेप लावला. व्हायोलिन सुरू झालं. म्हातारा गाडीखाली होता.

कर्र.

"आली! हलू नकोस."

"मी कुठे हलतेय?"

तिने गाणं मागे घेतलं. पुन्हा त्याच जागी कर्र. आणखी एकदा मागे घेतलं. कर्र. मग तिने वाकून गाडीखाली बघितलं, अगदी शांतपणे.

"अहो, गाडी विटांवर आहे."

म्हातारा बराच वेळ बाहेर आला नाही. म्हणाला, इथे गार वाटतंय.

संध्याकाळी जावयाने ते गाणं मोठे हेडफोन घालून ऐकलं. पहिल्यांदा काही कळलं नाही. दुसऱ्यांदा भुवया वर गेल्या. वाजवणारा ज्या खुर्चीवर बसलाय ती खुर्ची कुरकुरतेय, म्हणाला, आणि हे गाणं मी वर्षानुवर्षं ऐकतोय, मला कधी आलं नाही ऐकू. तिथल्या तिथे हात जोडून माफी मागितली. लेकीनेही मागितली, आणि म्हाताऱ्याचा हात धरून किल्ली मुठीत दाबली. सगळे हसत होते. म्हातारासुद्धा. रात्रीचं जेवण त्याच्या आवडीचं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आरामखुर्चीत पाय पसरून बसला होता. आतून बायकोने हाक मारली: नळ आलाय, बादल्या भरा. म्हाताऱ्याने नेहमीसारखं ऐकू न आल्याचं सोंग घेतलं. ती दारात आली. मोठ्याने ओरडली नाही, उलट आवाज आणखी खाली आणला.

"खुर्ची ऐकू येते ना? मग उठा."

तेव्हापासून म्हातारा बादल्या भरतो, फोन उचलतो, बेल वाजली की दार उघडतो, आणि शेजारीण गाऱ्हाणी सांगायला आली की समोर बसून सगळी ऐकतो. इतकी वर्षं सुखात चाललेलं बहिरेपण हातचं गेलं. घरच्यांनी माफी मागितली, ती आपण केली मान्य. राहिलाय तो एकटा व्हायोलिनवाला.